पाटीवरचे २४०, घरातले १९१

माझा आतेभाऊ, आमचा दादा, न्यू जर्सीत एडिसन गावात राहतो. मे महिन्यात तो मालवणला आला तेव्हा त्याच्या एका बॅगेत कपडे नव्हतेच. अडतीस लिटरचं स्टीलचं भांडं, भांड्याच्या पोटात आडवा बसवलेला हीटर, एक छोटा पंप, रबरी नळ्या आणि तापमानाचे लाल आकडे दाखवणारी काळी पेटी. तिकडे तो या भांड्यात घरी बिअर करायचा. आता त्याने मोठं भांडं घेतलं आणि हे माझ्यासाठी आणलं.

मी मे महिन्यात हापूसचा रस बाटल्यांत भरून ठेवते. काही घरात, काही विकायला. भरलेल्या बाटल्या अर्धा तास उकळत्या पाण्यात ठेवाव्या लागतात. रस मुळात आंबट असतो, म्हणून तो टिकवायला उकळत्या पाण्याची उष्णता पुरते. हे काम मागच्या पडवीत चुलीवर चालतं. धुराने डोळे चुरचुरतात, आणि एखादी वळवाची सर आली की लाकडं भिजतात, मग दिवस फुकट. त्यामुळे ती बॅग उघडली तेव्हा मला खरोखर आनंद झाला होता.

माझे वडील लाइनमन होते. आयुष्य खांबांवर गेलं. रात्री जेवणं उरकल्यावर त्यांनी भांडं उचलून उलटं केलं, हीटरच्या तोंडाशी टॉर्च धरला आणि वाद सुरू झाला तो पुढे आठ दिवस चालला. मी तो जमेल तसा लिहून ठेवला. बाबांचं बोलणं मालवणीत, दादाचं मुंबईकडचं.

बाबा : ह्या भांडा हंय लावूचा नाय.

दादा : का मामा?

बाबा : अमेरिकेची वस्तू एकशेदहाची. हंय लावलंस काय धूर. तो हाडलेलो मिक्सर इसारलंस?

दादा : मिक्सर ११० चा होता. हा हीटर २४० चा आहे. इथे कोरलंय बघा. ५५०० वॅट, २४० व्होल्ट.

बाबा : अमेरिकेत दोनशेचाळीस खंयसून इला?

हा प्रश्न विचारायला माणूस एडिसन गावचाच मिळाला, हे बरं झालं. थॉमस एडिसनची मेन्लो पार्कची प्रयोगशाळा याच गावाच्या हद्दीत होती आणि १९५४ साली गावाने त्याचंच नाव घेतलं. एडिसनचा दिवा साधारण ११० व्होल्टचा. १८८२ साली न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरून त्याने वीज विकायला सुरुवात केली तेव्हा तांब्याचा खर्च त्याला परवडेना. मग त्याने तीन तारांची युक्ती काढली : मधली एक तार, आणि तिच्या दोन्ही बाजूंना ११० च्या अंतरावर एकेक. बाहेरच्या दोन तारांमध्ये मोजलं तर २२०. आजही अमेरिकन घरात तीच मांडणी आहे, फक्त आकडे १२० आणि २४० झालेत. दिवे, मिक्सर, टीव्ही हे एका बाजूच्या तारेवर आणि मधल्या तारेवर. भट्टी, कपडे वाळवायचं यंत्र आणि दादाचा हीटर बाहेरच्या दोन तारांवर. युरोपने वेगळी वाट धरली. बर्लिनच्या वीज कंपनीने १८९९ साली, त्याच तारांतून जास्त भार नेता यावा म्हणून, सरळ २२० घेतले. आपण इंग्रजांमागून २४० वर आलो. आता कागदावर २३० लिहितात. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, त्यांची ६० ची.

बाबांनी हे लक्ष देऊन ऐकलं. आपलं चुकलं हे कबूल करायला त्यांना फार वेळ लागत नाही, विशेषतः विजेच्या बाबतीत.

बाबा : मगे हीटर चलतलो. तेका फेज काय नि न्यूट्रल काय, दोन टोकांत दोनशेतीस मिळाले म्हणजे झाला. पण तुझी ती मधली तार खंय जाता?

दादा : पंपाला. तो १२० वर चालतो.

बाबा : आमच्याकडे मधली तार नाय, झिला.

अख्ख्या वादाची खुंटी इथेच होती. दादाच्या पेटीतून चार तारा बाहेर येत होत्या : दोन जिवंत, एक मधली, एक अर्थची. आपल्याकडे येतात फेज, न्यूट्रल आणि अर्थ. आपली न्यूट्रल ही दोन जिवंत तारांची मधली तार नाही. ती फेजचं दुसरं टोक आहे. तिला ‘न्यूट्रल’ म्हणतात म्हणून कुणी अमेरिकन पेटीच्या न्यूट्रलला जोडली, तर हीटरच्या आधी पंप जळेल, कारण १२० च्या पंपाला अख्खे २३० मिळतील. हीटरवर २४० कोरलेलं बघून ‘चालतंय की’ म्हणणारा माणूस नेमका इथे फसतो.

दादा : मग पंपापुरता छोटा ट्रान्सफॉर्मर लावू. २३० चे १२० करून देईल.

बाबा : व्होल्टेज करून देतलो. साठाचे पन्नास कोण करून देतलो?

मोटर आवर्तनांवर फिरते. ६० ची मोटर ५० वर चालवली की वेग सहाव्या हिश्शाने घटतो आणि गुंडाळी मात्र जास्त प्रवाह ओढून तापत राहते. दादालाही हे ठाऊक होतं. त्याच्या बोलण्यावरून वाटलं, त्याचा जीव पंपात नव्हता, पूर्ण संचात होता. तिकडे बिअर करताना जव भिजवलेलं पाणी तासभर ६६ अंशांच्या आसपास ठेवावं लागतं. दोन अंश इकडेतिकडे झाले की चव बदलते. म्हणून पंप पाणी फिरवत ठेवतो, काळी पेटी तापमान बघून हीटर क्षणाक्षणाला चालू-बंद करते. ते सगळं त्याने एकेक भाग जमवून, रात्री जागून स्वतः जोडलं होतं. अशी वस्तू कुणी सुटी करायला लागलं की पोटात तुटतं, मला समजत होतं.

बाबा : तुझ्या बिअरीक सहासष्ट होये. हिच्या बाटल्यांका उकळी होयी. उकळीक कसलो पंप नि कसली पेटी? उकळता पाणी आपणच फिरता, नि शंभराच्या वर जाणा नाय.

बिअरवरून सांगायचं राहिलं. एक खेप इथेही काढावी असं दादाच्या मनात होतं. दहाच लिटर, पिणार आपणच. अमेरिकेत घरापुरती बिअर करायला १९७८ च्या कायद्याने वाट मोकळी झाली, तरी शेवटच्या राज्यांना परवानगी द्यायला २०१३ उजाडलं. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा आहे आणि परवान्याशिवाय घरच्यापुरतंही करता येत नाही. पुण्यात २००९ साली डूलालीने पहिली छोटी ब्रुअरी काढली, ती रीतसर परवान्याने. बाबांनी त्या विषयावर एकच शब्द उच्चारला, ‘नाय’, आणि मलाही तो पटला. पण एक गोष्ट मला दरवर्षी मार्च-एप्रिलात टोचते, ती इथे लिहिते. बांद्याच्या पुढे पत्रादेवीचा नाका ओलांडला की काजूच्या बोंडांची फेणी होते, तिला २००९ पासून भौगोलिक मानांकन आहे. नाक्याच्या अलीकडे, आमच्या बागेत तीच बोंडं, बी पिळून काढली की झाडाखाली कुजतात. तीच माती, तेच झाड. हे कायद्यानेच सुटायला हवं, चोरून नव्हे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खरा हिशेब झाला.

बाबा : तुझ्या एडिसनच्या घरात किती येता?

दादा : २४०.

बाबा : मोजलंस?

दादा गप्प राहिला. त्याच्या घरात व्होल्टेज मोजायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नव्हती. भिंतीत आकडा असतो आणि तो असतोच, अशा ठिकाणी तो पंधरा वर्षं राहिला. बाबांनी मल्टिमीटर काढला. साडेसात वाजले होते, वाडीतले दिवे आणि टीव्ही लागलेले. पडवीतल्या सॉकेटवर २१२. मग त्यांनी मला न्हाणीतला दोन हजार वॅटचा गीझर लावायला सांगितला. तो त्याच तारेवर आहे. आकडा २०३ वर आला.

बाबा : नऊ खाल्ले.

त्यांनी जुन्या डायरीच्या पानावर आकडे मांडले, आणि हे गणित मला फार आवडलं म्हणून पूर्ण देते. गीझरचा रोध साडेसव्वीस ओहम. २०३ व्होल्टवर तो पावणेआठच्या आसपास अँपिअर ओढतो. तेवढ्या प्रवाहात नऊ व्होल्ट गळले, म्हणजे खांबापासून पडवीपर्यंतच्या वाटेचा रोध झाला साधारण १.१७ ओहम. आता दादाचा हीटर : ५५०० वॅट, २४० व्होल्ट, म्हणजे साडेदहा ओहम. तो या तारेवर लावला की २१२ मधले एकवीस तारेतच जातील. हीटरच्या वाट्याला येतील १९१.

दादाने मोबाइलवर पुढचं केलं. व्होल्टेज पाचव्या हिश्शाने कमी झालं, तर उष्णता पाचव्या हिश्शाने कमी होत नाही. ती वर्गाच्या हिशेबाने पडते. साडेपाच हजारांचा हीटर साडेतीन हजारांवर येतो आणि वर जवळजवळ चारशे वॅट वाटेतल्या तारा तापवण्यात जातात. पस्तीस लिटर पाणी २८ अंशांवरून उकळायला सुमारे २.९ युनिट लागतात. एडिसनमध्ये हिशेबाने बत्तीस मिनिटं, आमच्या पडवीत पन्नासच्या वर.

दादा : मग स्टॅबिलायझर लावू. पाच केव्हीएचा. आत १९० येऊ दे, बाहेर २३० देईल.

बाबा : ते वरचे चाळीस खंयसून देतलो?

दादा : प्रवाह जास्त ओढून.

बाबा : त्याच तारेतसून?

यावर दादा थांबला. स्टॅबिलायझर वीज तयार करत नाही. व्होल्टेज वाढवून द्यायचं तर त्याला मागून प्रवाह जास्त ओढावा लागतो. प्रवाह वाढला की तारेतली गळती वाढते, आत येणारं व्होल्टेज आणखी पडतं, मग तो आणखी ओढतो. टीव्हीसाठी, फ्रिजसाठी ठीक आहे, त्यांचा भार लहान. पण पाच हजारांच्या हीटरसाठी लावला तर आमच्या तारेपुरतं हे राहत नाही. आमच्या खांबावर आणखी तीन घरं आहेत. पलीकडच्या घरात आजी ऑक्सिजनच्या मशीनवर असतात.

बाबा : आमचा पाणी वेगान तापला म्हणान तेंचो दिवो मंद झालो तर चलात?

मला वाटतं या एका वाक्यासाठी हा लेख लिहावा. दादा जिथे राहतो तिथे व्होल्टेज ही घराला मिळालेली वस्तू आहे, जशी नळाला पाण्याची धार. बाबांच्या लेखी ती वाडीची सामाईक विहीर आहे. किती उपसायचं ते शेजारच्याकडे बघून ठरतं. दादाने स्टॅबिलायझरचं नाव पुन्हा काढलं नाही.

पण पुढच्या मुद्द्यावर बाबा चुकत होते आणि दादा बरोबर होता. तो मुद्दा जिवाचा होता.

दादा : अर्थिंगचं काय?

बाबा : आसा. विहिरीकडे खड्डो मारलेलो आसा, कोळसो-मीठ घालून. वर फ्यूज आसा. काय झाला तर फ्यूज उडतलो.

दादा : आणि नाही उडाला तर?

बाबा : उडणार नाय कसो?

दादाने कुडाळहून अर्थ टेस्टर भाड्याने आणला. बाबांची पद्धत म्हणजे फेज आणि अर्थमध्ये दिवा लावून तो किती उजळतो ते बघायचं. ती दादाने करू दिली नाही, कारण अर्थ खराब असेल तर त्या वेळी घरातल्या प्रत्येक अर्थ केलेल्या वस्तूच्या अंगावर वीज येते. टेस्टरने आकडा दिला ३८ ओहम. आमच्या जमिनीत हातभर मातीखाली जांभा आहे. मे महिन्यात तो भाजलेल्या विटेसारखा कोरडा होतो आणि खड्ड्यातलं मीठ गेल्या कितीतरी पावसांत धुऊन गेलं होतं.

दादाने डायरीचं पान उलटून त्यावर लिहिलं : २३० भागिले ३८, उत्तर ६. म्हणजे हीटर फुटून वीज भांड्याच्या अंगावर आली तर जमिनीत जाणारा प्रवाह जेमतेम सहा अँपिअर. पंचवीसचा फ्यूज किंवा एमसीबी सहा अँपिअरला हलणारही नाही. भांडं जिवंत राहील, कुणी हात लावीपर्यंत.

बाबा ते पान बराच वेळ हातात धरून बसले. आयुष्यभर ते लोकांना ‘फ्यूज आसा ना, मगे भिया नको’ असं सांगत आले होते. खांबावरच्या जाड तारांच्या जगात ते खरंही असतं.

दादा : आरसीसीबी लावायचा. तीस मिलिअँपिअरचा. जाणारा आणि परतणारा प्रवाह तो तोलत असतो. तीस मिलिअँपिअर कुठे तिसरीकडे गळले की तोडतो. अर्थ ३८ ओहमचा असला तरी तेवढ्या गळतीत भांड्यावर एक-सव्वा व्होल्टच येईल. आमच्याकडे तर पाच मिलिअँपिअरला तोडतात.

बाबा : आणि ह्यो बिघडलो तर?

दादा : त्याला टेस्टचं बटण असतं. महिन्यातून एकदा दाबायचं.

बाबा : मगे खड्डो पण नवो मारूचो. दोनय होये.

खड्डा नवा मारला, खोल, विहिरीच्या धुण्याच्या दगडाजवळ, जिथे रोज पाणी सांडतं. आता नऊ ओहम येतात. पडवीची जुनी अॅल्युमिनियमची तार काढून चार चौरस मिलिमीटरची तांब्याची ओढली. खाऱ्या हवेने मेन स्विचच्या स्क्रूवर हिरवट पूड धरली होती, ती आमचीच हयगय, तीही घासून काढली. गीझर लावून पुन्हा मोजलं तेव्हा नऊऐवजी सहाच व्होल्ट पडले. नवं यंत्र घेण्याआधी हे एवढं केलं तर कितीतरी घरांत उजेड वाढेल.

इथवर दोघं भांड्याविषयी बोलत होते. भांड्यापाशी उभी राहणार होते मी, ओल्या हातांनी, ओल्या जमिनीवर, पुष्कळदा अनवाणी. म्हणून मी विचारलं : बाटली काढायला चिमटा पाण्यात घालायच्या आधी मी नक्की काय बंद करायचं?

दादाने काळ्या पेटीवरचं बटण दाखवलं. पेटी ‘बंद’ म्हणाली की आतला सॉलिड स्टेट रिले प्रवाह अडवतो. मग तोच थबकला आणि त्याने खरं ते सांगितलं, त्याबद्दल मला तो आवडतो. हा रिले बिघडतो तेव्हा बहुतेक वेळा चालू अवस्थेतच अडकतो. पेटीवर ‘बंद’, आत हीटर जिवंत. शिवाय तो एकच तार तोडतो. आपल्याकडे सॉकेटमध्ये फेज-न्यूट्रल उलटे जोडलेले असले तर तुटते ती न्यूट्रल, आणि फेज हीटरपर्यंत तशीच राहते.

बाबा : बाय, तू पेटीकडे बघूच नको. दाराकडे डबल पोल स्विच लावतंय. दोनय तारा तुटतत. तो खाली पाडल्याशिवाय हात पाण्याकडे न्हेवचो नाय.

तो स्विच आता पडवीच्या दाराशी आहे, भांड्यापासून चार पावलं लांब, लाल दिव्यासकट. भांड्याच्या मागच्या भिंतीवर लावला असता तर वाफेतून हात घालावा लागला असता.

माझा दुसरा प्रश्न कोकमाचा होता. याच भांड्यात कोकमाचं सरबतही तापवता येईल का? कोकम म्हणजे आंबट, आगळात वर मीठ. यावर दोघांचं लगेच एकमत झालं, आठ दिवसांतलं पहिलं. आम्ल आणि मीठ एकत्र तापलं की स्टीललाही बारीक खड्डे पडतात, आणि हीटरच्या नळीला भोक पडलं की वीज थेट पाण्यात. त्या भांड्यात पाण्याशिवाय काही जाणार नाही. कोकमाचं पातेलं त्या पाण्यात ठेवून तापवायचं. काळी पेटी तिथे कामाला येते, पाणी ८५ अंशांवर धरायला. दादाला ते ऐकून बरं वाटलं.

हीटरचंच शेवटी भांडण झालं. बाबांचं म्हणणं, साडेपाच हजारांचा काढून टाका, दीड-दीड हजारांचे दोन देशी हीटर बसवा, दोघांना वेगळे स्विच. उकळी येईपर्यंत दोन, आल्यावर झाकण ठेवून एक. प्रत्येकी साडेसहा अँपिअर, सोळाच्या सॉकेटला सहज झेपणारे. दादाचा हीटर बावीस-तेवीस अँपिअर ओढतो, तो आपल्या कुठल्याच घरगुती प्लगवर चालणारा नाही. आणि भोक? अमेरिकन हीटरच्या एक इंची आट्याला इंचात साडेअकरा पेच, आपल्या पाइपाच्या आट्याला अकरा. दोन फेरे बसतो, तिसऱ्याला अडतो, आणि जबरदस्ती केली तर गळतो. कुडाळला लेथवाल्याकडून नवे सॉकेट कातून आर्गॉन वेल्डिंगने बसवले.

दादा : मामा, हे तात्पुरतं झालं. तिचं काम वाढलं तर तीन फेज घ्यायलाच हवेत.

बाबा : तीन फेज नको. दोन हजार एकवीस इसारलंस? तू थंय होतंस, तुका काय म्हायत.

मे २०२१ च्या तौक्ते वादळात फणसाची फांदी आमच्या लाइनवर पडली. फेज शाबूत राहिले, न्यूट्रल तुटली. न्यूट्रल तुटली की वेगवेगळ्या फेजवरची दोन घरं एकामागे एक अशी ४०० व्होल्टमध्ये ओवली जातात. ज्या घरात भार कमी, त्याच्या वाट्याला जास्त व्होल्टेज. आमच्याकडे दोनच दिवे चालू होते. ते पांढरे झाले, फ्रिज गुरगुरला आणि वास आला. बाबांनी अंधारात धावत जाऊन मेन पाडला. तीन फेज घरात घेतले, तर न्यूट्रल सैल होऊन हेच आपल्या एका घरात घडू शकतं, हे त्यांचं भय.

दादा : पण तीन सारखे हीटर तीन फेजवर लावले तर न्यूट्रलमधून काही वाहतच नाही. ती तुटली तरी प्रत्येकाला २३० च. आणि तेवढ्याच कामाला तारेत वाया जाणारी उष्णता सहावा हिस्सा. शेजारच्यांचे दिवेही मंद होणार नाहीत. तुम्हीच म्हणालात ना, शेजारी बघायचा?

बाबांनी डायरी घेतली. एका तारेत तिसरा हिस्सा प्रवाह, त्याचा वर्ग नववा हिस्सा, दोनऐवजी तीन तारा. सहावा हिस्सा, बरोबर. त्यांनी ते खालीवर तपासलं.

बाबा : हिशेब बरोबर आसा. पण तेच्यार फ्रिज पण असतलो ना? तो खंय सारखो?

हा वाद मिटलेला नाही. माझं मत दादाच्या बाजूला झुकतं : बाटल्या शंभराच्या तीनशे झाल्या, तर जास्त व्होल्टेज तोडणारं उपकरण लावून तीन फेज घ्यावेत. विकायचा माल घरगुती मीटरवर किती चालतो, मंजूर भार किती वाढवावा लागेल, हे अर्ज करतानाच विचारायचं. पण अर्ज करण्याआधी बाबांना फ्रिजचं उत्तर द्यावं लागेल, आणि ते नुसतं हिशेबाने मिळायचं नाही.

तूर्त मी पहाटे साडेचारला उठते. त्या वेळी वाडी झोपलेली असते आणि पडवीत २३६ येतात. दोन्ही हीटर लावले की तासाभरात उकळी, संध्याकाळी त्यालाच सव्वा तास लागतो. बाटल्या सहाला बाहेर निघतात. चूल अजून आहे, मोडलेली नाही.

पंप परत गेला. साडेपाच हजारांचा हीटर बाबांनी तेलाच्या फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवलाय.

जूनमध्ये एडिसनहून दादाचा निरोप आला. त्याने मल्टिमीटर विकत घेतला होता. मधल्या तारेपासून एका बाजूला ११७, दुसऱ्या बाजूला १२४, दोन्ही मिळून २४१. मी ते बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा लावून डायरीत आमच्या आकड्यांखाली लिहून घेतलं आणि पेन तसंच धरून थोडा वेळ बसले.

बाबा : दोन बाजू सारख्यो नाय. तेका सांग, मधल्या तारेचो जॉइंट एकदा कोणाकडसून तरी बघून घे. आजच फोन कर.